मोटारीची खरी किंमत

एखाद्या कुटुंबाने नवी मोटार घेतली की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'कितीला पडली?' आणि दुसरा, 'ॲव्हरेज किती देते?' पहिल्याचे उत्तर विक्रेत्याच्या पावतीवर असते, दुसऱ्याचे पेट्रोलपंपावर मिळते. बहुतेक घरांत मोटारीच्या खर्चाचा विचार या दोन उत्तरांपाशीच थांबतो. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये आणि त्यांच्या पलीकडेही खर्चाचा फार मोठा भाग शिल्लक राहतो. त्यातील काही भाग मालक स्वतःच देत असतो. परंतु तो थोडाथोडा आणि निरनिराळ्या नावांखाली दिला जात असल्यामुळे त्याच्या ध्यानात येत नाही. उरलेला भाग मालक देतच नाही. तो शहरातील इतर माणसांवर पडतो, आणि त्या माणसांपैकी बहुतेकांकडे मोटार नसते.

हा सगळा खर्च एकत्र मांडून पाहावयाचा असेल तर दिल्ली आणि तिच्या भोवतालचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश यांच्याइतके बोलके उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल. मध्यमवर्गाला परवडणारी पहिली मोटार याच प्रदेशात, गुडगावला तयार झाली. देशातील सर्वांत विस्तृत मेट्रो रेल्वे येथेच आहे. हवेच्या प्रदूषणाविषयी न्यायालयांनी सर्वाधिक आदेश याच शहरासाठी दिले, आणि मोटारीचे आयुष्य किती असावे हे कायद्याने ठरविण्याचा प्रयोगही येथेच झाला.

दुर्मिळतेकडून मुबलकतेकडे

स्वातंत्र्यानंतरची सुमारे साडेतीन दशके भारतात मोटार ही दुर्मिळ वस्तू होती. बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर तयार होई. मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच्या परवान्यावर मोटारी तयार होत. त्यांतूनच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव घरोघरी पोहोचले. खिशात पैसे असले तरी नंबर लावून काही वर्षे वाट पाहावी लागे. १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाला देण्यात आली. त्या वेळी या मोटारीची किंमत सुमारे पन्नास हजार रुपये होती.

त्यानंतरच्या चार दशकांत रस्त्यांवरील मोटारींची गर्दी इतकी वाढली की दिल्लीत प्रत्येकाच्याच दाराशी मोटार उभी आहे, असा समज होतो. २०११ च्या जनगणनेने मात्र वेगळे चित्र दाखविले. दिल्लीतील दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे २१ कुटुंबांकडे मोटार होती. संपूर्ण देशात हे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील प्रमाण साडेसात टक्क्यांवर गेले. दिल्लीतील प्रमाण मात्र एकपंचमांशाच्या आसपासच राहिले. म्हणजे देशातील मोटारींच्या या राजधानीतही पाचांपैकी चार कुटुंबांना मोटार नाही. पुढील विवेचन वाचताना वाचकांनी हे प्रमाण लक्षात ठेवावे.

घरचा हिशेब

प्रथम मालकाचा स्वतःचा खर्च पाहू. समजा, दिल्लीतील एका कुटुंबाने सात लाख रुपयांची पेट्रोलवर चालणारी मोटार घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलल्यानंतर लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर लागू झाला. हा कर किमतीतच मिसळलेला असतो. त्याखेरीज दिल्लीत नोंदणीच्या वेळी रस्ता कर द्यावा लागतो. खाजगी पेट्रोल मोटारीवर तो किमतीनुसार ४, ७ किंवा १० टक्के, तर डिझेल मोटारीवर त्याच्या सव्वापट असतो. आपल्या मोटारीवर ७ टक्के दराने ४९,००० रुपये कर होईल. नोंदणी शुल्क, नंबरपट्टी, महापालिकेचे वाहनतळ शुल्क असे किरकोळ खर्च धरून सुरुवातीची रक्कम सुमारे ७,६०,००० रुपये होते असे मानू. कुटुंब ही मोटार दहा वर्षे वापरील, वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवील, आणि दहा वर्षांनंतर ती १,६०,००० रुपयांना विकली जाईल, असेही गृहीत धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालून पाहावेत.

आता वार्षिक खर्चाची मांडणी अशी होईल :

घसारा : ६०,००० रुपये
गुंतलेल्या भांडवलावरील व्याज : ३२,२०० रुपये
विमा : १८,००० रुपये
देखभाल, टायर, बॅटरी, दुरुस्ती : २०,००० रुपये
वाहनतळ आणि साफसफाई : १५,००० रुपये
पेट्रोल : ६३,३०० रुपये
एकूण : २,०८,५०० रुपये

यांतील पहिल्या दोन बाबी घरच्या हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाहीत. घसारा म्हणजे वस्तूच्या किमतीत वर्षागणिक होणारी घट. दहा वर्षांत सहा लाख रुपये नाहीसे झाले. म्हणजे दरवर्षी साठ हजार रुपये झिजले, मग त्यासाठी कोणी पावती दिलेली असो वा नसो. व्याजाचेही तसेच आहे. कर्ज काढले असेल तर बँकेचा हप्ता दिसतो. परंतु रोख पैसे भरून मोटार घेणाऱ्यालाही व्याज चुकत नाही. तीच रक्कम मुदत ठेवीत असती तर जे व्याज मिळाले असते त्यावर त्याने पाणी सोडलेले असते. दहा वर्षांत सरासरी ४,६०,००० रुपये गुंतून राहिले असे धरून त्यावर सात टक्क्यांनी आकारणी केली आहे.

विम्याचा एक भाग कायद्याने सक्तीचा आहे. अपघातात इसमाला इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी यासाठी तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. २०२२ साली लागू झालेल्या दरानुसार १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या मोटारीला त्यासाठी वर्षाला ३,४१६ रुपये पडतात, आणि नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा हा विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा त्याहून वेगळा असतो. पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. दिल्लीत २०२५ साली दर लिटरला ९४ ते ९५ रुपये होता. मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते असे मानले तर दहा हजार किलोमीटरला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल.

एकूण खर्चाला अंतराने भागले असता दर किलोमीटरला जवळजवळ २१ रुपये पडतात. त्यांपैकी पेट्रोलचे केवळ ६ रुपये ३३ पैसे. ज्या एका बाबीकडे मालकाचे सतत लक्ष असते आणि जिची किंमत एका रुपयाने वाढली तरी वर्तमानपत्रांत बातमी येते, ती बाब एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की घसारा, व्याज, विमा आणि वाहनतळ हे खर्च मोटार चालो वा न चालो, होतच राहतात. आपल्या उदाहरणात ते सव्वा लाख रुपये आहेत, म्हणजे एकूण खर्चाच्या साठ टक्के. अर्थशास्त्रात यांस स्थिर खर्च म्हणतात. एकदा मोटार दारात आली की हा खर्च करून मोकळा झाल्यासारखा वाटतो, आणि पुढील प्रत्येक फेरीचा विचार करताना माणूस फक्त पेट्रोल मोजतो. द्वारकेहून कॅनॉट प्लेसला जायचे आहे आणि अंतर वीस किलोमीटर आहे असे समजा. ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलेल्या दरानुसार १२ ते २१ किलोमीटर अंतरासाठी मेट्रोचे भाडे ४३ रुपये आहे. पेट्रोलचा खर्च होईल सुमारे १२७ रुपये. नवराबायको दोघे निघाले तर मेट्रोला ८६ रुपये लागतील, म्हणजे फरक फक्त ४१ रुपयांचा. एवढ्यासाठी जिने कोण चढणार, असे वाटून मोटार बाहेर निघते. प्रत्यक्षात त्या वीस किलोमीटरचा पूर्ण खर्च ४२० रुपये असतो. मोटारीची रचनाच अशी आहे की घेताना ती महाग असते आणि वापरताना स्वस्त भासते. म्हणून ज्याच्याकडे ती असते तो गरजेहून अधिक वापरतो. तिचा वापर कमी ठेवणाऱ्याला तर प्रत्येक किलोमीटर आणखी महाग पडतो. वर्षाला पाचच हजार किलोमीटर चालविणाऱ्याचा खर्च याच हिशेबाने किलोमीटरमागे चौतीस रुपयांच्या घरात जातो.

पंचांगाने ठरविलेले आयुष्य

दिल्लीच्या मोटारमालकाच्या हिशेबात आणखी एक बाब आहे, जी पुण्याच्या किंवा नागपूरच्या मालकाला माहीत नसते. मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. महाराष्ट्रात ही मुदत संपल्यावर मोटारीची तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. राजधानी प्रदेशात मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना रस्त्यावर येण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ही मर्यादा कायम केली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधनच देऊ नये असा आदेश अंमलात आला; लोकांच्या विरोधामुळे तो काही दिवसांतच स्थगित झाला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर केवळ वाहनाच्या वयामुळे कारवाई करू नये असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले.

या आदेशांच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एवढाच की मोटारीचे आयुष्य तिने तोडलेल्या अंतरावरून न ठरता तिच्या जन्मतारखेवरून ठरू लागले. ज्याने २०१४ साली बारा लाखांची डिझेल मोटार पंधरा वर्षांच्या हिशेबाने घेतली होती, त्याचा वार्षिक घसारा ८०,००० रुपये व्हायचा. दहा वर्षांची मर्यादा आल्यावर तो १,२०,००० रुपये झाला. मोटार जपून आणि कमी वापरणाऱ्या निवृत्त माणसाला ही झळ सर्वांत जास्त लागली, कारण त्याच्या मोटारीत अजून बरेच आयुष्य शिल्लक होते. अशा मोटारी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. ज्या धुरामुळे त्या दिल्लीबाहेर गेल्या, तो धूर त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी गेला.

वेळेचा हिशेब

मोटार वेळ वाचविते, म्हणून तिच्यावरचा खर्च वसूल होतो, असे सांगितले जाते. या म्हणण्याची परीक्षा करण्याची एक रीत इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात सुचविली. मोटारीत बसून घालविलेल्या वेळात त्याने मोटारीसाठी पैसे मिळविण्यात गेलेला वेळही मिळविला. अमेरिकेतील सामान्य पुरुष वर्षाला १,६०० तासांहून अधिक वेळ मोटारीपायी खर्च करतो आणि त्यात साडेसात हजार मैल जातो, असे त्याने मांडले. भागाकार केला तर हा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरतो.

हीच रीत आपल्या दिल्लीकर कुटुंबाला लावून पाहू. घरातील कमावत्या माणसाला महिना ८०,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी तो दोनशे तास काम करतो. म्हणजे त्याच्या एका तासाचे मोल ४०० रुपये. वर्षाचे २,०८,५०० रुपये मिळविण्यासाठी त्याला सुमारे ५२० तास काम करावे लागते. दहा हजार किलोमीटर ताशी सरासरी २५ किलोमीटर वेगाने कापले तर रस्त्यावर ४०० तास जातात. एकूण ९२० तासांत दहा हजार किलोमीटर. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. बरी सायकल चालविणारा माणूस याच वेगाने जातो. महिना ४०,००० रुपये मिळविणाऱ्याने तीच मोटार घेतली तर त्याचा वेग ताशी सात किलोमीटरांवर येतो, आणि तो चालणाऱ्या माणसाच्या थोडा पुढे असतो एवढेच. ज्याचे उत्पन्न फार मोठे आहे त्याचाच वेळ मोटार खऱ्या अर्थाने वाचविते.

शहराचा हिशेब

येथवर मालकाच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचा विचार झाला. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू याने १९२० साली असे दाखवून दिले होते की एखादी कृती करणाऱ्याला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च हे दोन्ही सारखे असतीलच असे नाही. मोटार हे या अंतराचे उत्तम उदाहरण होय.

पहिला खर्च जमिनीचा. आपली मोटार वर्षातील ८,७६० तासांपैकी ४०० तास चालते; उरलेले पंचाण्णव टक्के तास ती कोठे तरी उभी असते. दिल्लीच्या २०२१ च्या बृहद् आराखड्याने एका मोटारीला उघड्यावर २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली आहे. तीत मोटार आत-बाहेर करण्याच्या मार्गिकेचाही समावेश होतो. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरासाठी चटईक्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती. म्हणजे गरीब कुटुंबाच्या संपूर्ण घराहून तळघरातील एका मोटारीच्या वाट्याला अधिक जागा येते. शिवाय घराजवळ, कचेरीजवळ, बाजाराजवळ अशा निरनिराळ्या ठिकाणी एकाच मोटारीसाठी जागा मोकळी ठेवावी लागते. महापालिकेच्या उघड्या वाहनतळांवर या जागेसाठी तासाला वीस रुपये घेतले जात. वसाहतींतील बहुतेक रस्त्यांवर ती विनामूल्यच वापरली जाते. त्याच रस्त्याच्या कडेला भाजीची गाडी लावणाऱ्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि तरीही उठवून लावले जाण्याची टांगती तलवार त्याच्यावर असते. पदपथावर चढविलेल्या मोटारींमुळे पादचारी रस्त्यावर उतरतो. त्या गैरसोयीची किंमत कोणत्याच पावतीवर नसते.

दुसरा खर्च हवेचा. या बाबतीत मोटारीवर आहे त्याहून अधिक दोष लादू नये. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१६ साली दिल्ली सरकारला सादर केलेल्या अहवालात अतिसूक्ष्म धूलिकणांमध्ये रस्त्यावरील धुळीचा वाटा ३८ टक्के आणि वाहनांचा २० टक्के दाखविला होता. वाहनांच्या वाट्यातही मालमोटारी आणि दुचाकी यांचा भाग मोठा होता. तथापि रस्त्यावरील धूळ वाहनेच उडवितात, आणि बस व मालमोटारी ज्या कोंडीत इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात ती कोंडी मुख्यतः मोटारींनी केलेली असते. या हवेचा परिणाम कोणावर होतो, हे कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी केलेल्या अभ्यासातून दिसले. दिल्लीतील अकरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता कमी झालेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या, स्वच्छ हवेत राहणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. सर्दी-खोकल्याच्या औषधांचा, चुकलेल्या शाळेचा आणि रात्रीच्या जागरणांचा खर्च मोटार असलेल्या व नसलेल्या दोन्ही घरांत होतो.

तिसरा खर्च जिवाचा. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. एकट्या दिल्लीत त्या वर्षी चौदाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक पायी चालणारी किंवा दुचाकीवर बसलेली होती. मोटारीत बसलेल्यांची संख्या थोडी होती. विम्याच्या रकमेतून कुटुंबाला भरपाई मिळते, परंतु ज्या घरातील कमावता माणूस गेला त्या घराचा तोटा ती भरून काढू शकत नाही.

चौथा खर्च रस्त्याचा. २००६ साली पुण्यात कात्रज ते स्वारगेट या मार्गावर बससाठी राखीव मार्गिकेचा प्रयोग सुरू झाला, आणि २००८ साली दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर तसाच मार्ग खुला झाला. मोटारींसाठी रस्ता अरुंद झाला म्हणून तो बंद करावा, अशी मागणी करणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. रस्त्यावरून किती वाहने गेली यापेक्षा किती माणसे गेली हे पाहिले पाहिजे, हा त्या वादातील कळीचा मुद्दा होता. पन्नास माणसांची बस दीड-दोन माणसांच्या मोटारीमागे अडकून राहिली तर पन्नास माणसांचा वेळ वाया जातो. तरीही २०१६ साली हा मार्ग उखडून टाकण्यात आला.

मग माणसे मोटार का घेतात?

एवढा खर्च असताना माणसे मोटार घेतात ती केवळ दिखाव्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम अशी शहरे दोन राज्यांत पसरलेली आहेत, आणि घर एका राज्यात तर नोकरी दुसऱ्यात हा येथील नित्याचा प्रकार आहे. २००२ साली शाहदरा ते तीस हजारी या मार्गाने सुरू झालेल्या मेट्रोने फार मोठी सोय केली. पण स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे एक-दोन किलोमीटर उन्हाळ्याच्या दुपारी किंवा रात्री उशिरा एकट्या स्त्रीने कसे जावे, हा प्रश्न राहतोच. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे असते. बस केव्हा येईल याचा भरवसा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील बसची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत दहा हजारांवर नेण्याचा आदेश दिला होता. बस नैसर्गिक वायूवर चालविण्याचा भाग अंमलात आला. संख्येचा भाग पाव शतक उलटत आले तरी पुरा झाला नव्हता. ज्या बस आल्या नाहीत त्यांच्या जागी मोटारी आल्या. या दृष्टीने पाहता मोटार हा पुष्कळ कुटुंबांनी सार्वजनिक सोयीच्या अभावी स्वतःवर लादून घेतलेला कर आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारी या प्रश्नाचे काही अंशी उत्तर देतात. दिल्लीने ऑगस्ट २०२० च्या धोरणात त्यांना रस्ता करातून सूट दिली. इंधनाचा खर्च आणि नळीतून निघणारा धूर त्यामुळे खाली येतो. पण विजेच्या मोटारीलाही उभे राहण्यास तेवढीच जागा लागते, ती कोंडीतही तेवढीच अडकते, आणि तिची किंमतही वर्षागणिक झिजते.

किंमत केव्हा मोजावी

काही शहरांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रे, ज्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, यांनी गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्याचे मोल आकारावे असे बरीच वर्षे प्रतिपादन केले होते. सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात सकाळी शिरणाऱ्या मोटारींवर दिवसाला तीन सिंगापूर डॉलर आकारणी सुरू केली. लंडनने २००३ साली तोच मार्ग धरला. सिंगापूरने १९९० पासून मोटार बाळगण्याचा दहा वर्षांचा हक्कच लिलावाने विकण्यास आरंभ केला. २०२३ साली या हक्काची बोली एक लाख सिंगापूर डॉलरांच्या वर गेली होती.

दहा वर्षांची मर्यादा सिंगापुरातही आहे आणि दिल्लीतील डिझेल मोटारीलाही लावली गेली. दोहोंतील फरक विचार करण्यासारखा आहे. सिंगापूरचा ग्राहक ही मर्यादा ठाऊक असताना मोटार घेतो, तिचे मोल आधी भरतो, आणि तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. दिल्लीतील पुष्कळ मालकांना ही मर्यादा मोटार घेतल्यानंतर कळली. त्यांचे पैसे बुडाले आणि शहराला बससाठी त्यातून काहीच मिळाले नाही. दिल्लीने २०१६ साली दोनदा आणि २०१९ साली एकदा सम-विषम क्रमांकांची योजना अंमलात आणली. प्रदूषण वाढले की विशिष्ट मोटारींवर तात्पुरती बंदी येते. असे उपाय संकटाच्या दिवसांपुरते असतात. ते उठले की मोटारीची फेरी पुन्हा स्वस्त भासू लागते.

म्हणून मोटार घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने वर दिलेली मांडणी खरेदीच्या आधी स्वतःच्या आकड्यांनिशी करावी. महिन्याला सतरा-साडेसतरा हजार रुपये हा आकडा समोर ठेवून, मेट्रो, बस, रिक्षा आणि गरजेपुरती भाड्याची मोटार यांवर तेवढा खर्च होतो काय हे पाहावे. काही कुटुंबांच्या बाबतीत मोटारच योग्य ठरेल, आणि तसा निर्णय त्यांनी निःशंकपणे घ्यावा. नगररचना आणि करव्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांनी मात्र दुसरा हिशेब करावयास हवा. उभ्या मोटारीने व्यापलेल्या जागेचे आणि गर्दीत वापरलेल्या रस्त्याचे मोल ज्याने ती जागा वापरली त्याच्याकडून घेतले गेले आणि तो पैसा बस, पदपथ व स्थानकापर्यंतच्या सोयींवर खर्च झाला, तर मोटार न घेताही राजधानीत राहता येईल. आज पाचांपैकी चार कुटुंबे तशीच राहतात, आणि उरलेल्या एका कुटुंबाच्या प्रवासखर्चाचा काही भाग तीच उचलत आहेत.